संसदेत चाचणी, शाळेला कुलूप

सप्टेंबर २०२० मध्ये संसदेचे पावसाळी अधिवेशन भरले तेव्हा संसद भवनाचे रूप एखाद्या तात्पुरत्या रुग्णालयासारखे झाले होते. अधिवेशनापूर्वी ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर चाचणीचा अहवाल प्रत्येक खासदाराला आवश्यक होता. संकुलात ये-जा करणाऱ्या कर्मचाऱ्यांना आणि पत्रकारांना रॅपिड अँटिजेन चाचणीच्या टेबलासमोरून जावे लागत होते. लोकसभेचे सदस्य राज्यसभेच्या दालनात बसत होते, राज्यसभेचे लोकसभेच्या दालनात, आणि उरलेले प्रेक्षक कक्षांत. अधिवेशनाच्या तोंडावर झालेल्या चाचण्यांत दोन डझनांहून अधिक खासदार बाधित निघाले. तरीही कामकाज सुरू झाले, विधेयके संमत झाली आणि १ ऑक्टोबरपर्यंत चालणारे अधिवेशन २३ सप्टेंबरला गुंडाळले गेले.

ही व्यवस्था वादातीत नव्हती, पण तिच्यामागचा विचार स्पष्ट होता. जे काम थांबवता येत नाही ते चाचणीच्या आधाराने चालू ठेवायचे. देशातील प्राथमिक शाळांना हा न्याय लावावा, असे मात्र पुढील दीड वर्षात केंद्राला वाटले नाही आणि बहुतेक राज्यांनाही वाटले नाही. पहिली ते चौथी-पाचवीच्या मुलांसाठी चाचणी हा शाळा उघडण्याचा मार्ग म्हणून विचारात घेतलाच गेला नाही. जिथे घेतला गेला, तिथे तो शाळा बंद ठेवण्याचे कारण म्हणून. युनेस्कोच्या मोजणीनुसार भारतातील शाळा पूर्णतः वा अंशतः ८२ आठवडे बंद राहिल्या. युगांडासारखे एखाद-दुसरे उदाहरण सोडले तर एवढी दीर्घ बंदी जगात कुठे झाली नाही.

हा विषय वरकरणी वैद्यकाचा दिसतो. प्रत्यक्षात तो राज्यकारभाराचा आहे. त्यासाठी आधी ही चाचणी म्हणजे काय, हे पाहावे लागते.

रॅपिड अँटिजेन चाचणी विषाणूच्या प्रथिनाचा शोध घेते. नाकातील स्राव द्रावणात मिसळून त्याचे थेंब पट्टीवर टाकायचे. पंधरा ते तीस मिनिटांत एक रेघ उमटली तर चाचणी नकारात्मक, दोन उमटल्या तर सकारात्मक. प्रयोगशाळा नको, यंत्र नको. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, १४ जून २०२० रोजी अशा पहिल्या संचाला मान्यता दिली. दोन ठिकाणी झालेल्या पडताळणीत बाधिताला अचूक ओळखण्याचे प्रमाण ५०.६ ते ८४ टक्के आणि निरोग्याला निरोगी ठरवण्याचे प्रमाण ९९.३ ते १०० टक्के आढळल्याचे परिषदेनेच नोंदवले होते. म्हणूनच लक्षणे असूनही अँटिजेन चाचणी नकारात्मक आली तर आरटी-पीसीआर करावी, असा दंडक घालण्यात आला.

हे आकडे शाळेला लावून पाहिले की अडचण लक्षात येते. समजा, हजार मुलांच्या शाळेत दोन मुले खरोखर बाधित आहेत. चाचणीची पकड निम्मी धरली तर त्यातले एक सापडेल आणि एक वर्गात जाऊन बसेल. उरलेल्या ९९८ निरोगी मुलांपैकी ०.७ टक्के, म्हणजे सात मुले विनाकारण बाधित ठरतील. एका खऱ्या बाधितामागे सात खोटे. साथ ओसरलेली असताना सरसकट चाचण्या घेतल्या तर हे असेच होणार. साथ चढणीवर असेल आणि हजारांत तीस मुले बाधित असतील, तर त्याच पट्टीने पंधरा खरी आणि सात खोटी मुले सापडतील. पट्टी तीच राहते, पण कोणत्या आठवड्यात, कोणत्या जिल्ह्यात आणि किती वेळा वापरायची, यावर तिचा उपयोग ठरतो. असे निर्णय जिल्हा पातळीवर आणि आठवड्याच्या हिशेबाने घ्यावे लागतात. दिल्लीत बसून वर्षातून दोनदा मार्गदर्शक सूचना काढण्याच्या पद्धतीत ते बसत नाहीत.

युरोपातील देशांनी याची जी उत्तरे शोधली ती एकमेकांपासून अगदी भिन्न होती. ऑस्ट्रियाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सत्रांतर्गत सुट्टीनंतर शाळा उघडताना चाचणी अनिवार्य केली. नाकपुडीच्या पुढच्या भागातच काडी फिरवायची आणि ती मुलानेच फिरवायची, असा तो प्रकार. लोकांनी त्याचे नाव ‘नाक कोरण्याची चाचणी’ असे ठेवले. जे पालक संमती देणार नाहीत त्यांच्या मुलांनी घरूनच शिकायचे. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत मुलांना ‘निंजा पास’ मिळाले. चाचणी झाली की त्यावर चिकटचित्र लावायचे. सहा वर्षांच्या मुलाला साथरोगशास्त्र कळत नाही, चिकटचित्र कळते, एवढे शहाणपण त्या सरकारी खात्याकडे होते.

इंग्लंडने नेमका उलटा निर्णय घेतला. ८ मार्च २०२१ रोजी शाळा उघडल्या तेव्हा माध्यमिक विद्यार्थ्यांना आठवड्यातून दोन चाचण्या सांगण्यात आल्या, पण प्राथमिकच्या मुलांना वगळले गेले. या वयात चाचणीचा सार्वजनिक आरोग्याला होणारा लाभ मर्यादित आहे, मुलांना ती त्रासदायक वाटते आणि ती स्वतः करता येत नाही, असा सल्ला सरकारला मिळाला होता. त्याऐवजी प्राथमिक शिक्षकांना आणि मुलांच्या घरातील प्रौढांना चाचणीचे संच मोफत देण्यात आले. मुलाऐवजी मुलाभोवतीची माणसे तपासायची, हा त्यामागचा तर्क. शाळा मात्र उघड्या राहिल्या.

जर्मनीची कथा या दोन्हींपेक्षा अधिक बोधप्रद आहे, कारण तिथे हा प्रश्न संसदेत आणि पुढे घटनात्मक न्यायालयात गेला. जर्मनीत शालेय शिक्षण हा घटकराज्यांचा विषय आहे आणि घटकराज्ये त्याबाबत विलक्षण हळवी असतात. तरीही २१ एप्रिल २०२१ रोजी संघीय संसदेने साथप्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली. बाजूने ३४२, विरोधात २५० आणि तटस्थ ६४ असे मतदान झाले. आठवड्यातून दोनदा चाचणी झालेल्या मुलांनाच वर्गात बसता येईल आणि जिल्ह्यात लाख लोकसंख्येमागे सात दिवसांत १६५ रुग्णांचा आकडा ओलांडला तर प्रत्यक्ष वर्ग बंद होतील, असे त्यात होते. मूळ मसुद्यात हा आकडा २०० होता. तो दोनशे असावा की एकशे पासष्ट, यावर तिथे राजकीय रणकंदन झाले. शाळा कधी बंद होणार आणि कधी उघडणार, हे एका आकड्यावर ठरावे आणि तो आकडा कायद्यात असावा, ही कल्पना भारतीय वाचकाला काहीशी परकी वाटेल.

या कायद्याला दिलेल्या आव्हानावर जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने १९ नोव्हेंबर २०२१ रोजी निर्णय दिला. शाळाबंदी त्या परिस्थितीत घटनाबाह्य नव्हती, असे न्यायालयाने म्हटले आणि सरकार जिंकले. पण त्याच निर्णयात मुलांना शासनाकडून शालेय शिक्षण मिळण्याचा मूलभूत हक्क आहे, असे त्या न्यायालयाने प्रथमच स्पष्टपणे मान्य केले. म्हणजे, बंदी वैध ठरली तरी यापुढे प्रत्येक बंदीला त्या हक्काच्या कसोटीवर उतरावे लागणार होते.

नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया या जर्मनीतील सर्वाधिक लोकसंख्येच्या राज्याने प्राथमिक शाळांसाठी १० मे २०२१ पासून वेगळीच पद्धत स्वीकारली. मुलाने कापसाची काडी अर्धा मिनिट गोळीसारखी चोखायची, वर्गातील साऱ्या काड्या एकाच नळीत जमा करायच्या आणि त्या नळीची एकच पीसीआर चाचणी करायची. नळी सकारात्मक आली तरच मुलांची वेगवेगळी तपासणी. सुमारे सात लाख मुलांसाठी आठवड्यातून दोनदा ही व्यवस्था चालली आणि काही महिने उत्तम चालली. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत मोठ्या संख्येने नळ्या सकारात्मक येऊ लागल्या आणि प्रयोगशाळा कोलमडल्या. त्या महिन्याच्या अखेरीस शिक्षणमंत्री इव्होन गेबाउअर यांना दुसऱ्या टप्प्यातील पीसीआर सोडून रॅपिड चाचणीकडे वळावे लागले. बदल इतक्या आयत्या वेळी कळवला गेला की मुख्याध्यापक आणि पालक दोघेही संतापले. श्रीमंत देशाची प्रयोगशाळाही अमर्याद नसते. साथ शिगेला पोहोचते तेव्हा महागडी आणि अचूक चाचणी आधी कोसळते, आणि स्वस्त, ढोबळ पट्टीच उपयोगी पडते.

भारतात ही पट्टी पुरेशी उपलब्ध होती. दिल्लीत १८ जून २०२० पासून मोहल्ल्या-मोहल्ल्यांत तिचा वापर सुरू झाला होता. पुण्याच्या मायलॅबने तयार केलेल्या घरच्या घरी करण्याच्या चाचणीसंचाला मे २०२१ मध्ये मान्यता मिळाली. त्याची किंमत २५० रुपये होती. रेल्वे स्थानके, बाजार, राज्यांच्या सीमा, तुरुंग, सर्वत्र पट्टी होती.

मग प्राथमिक शाळेत का नव्हती? पहिले उत्तर पैशाचे आहे आणि ते झटकून टाकण्याजोगे नाही. देशात त्या वेळी प्राथमिक वर्गांत सुमारे १२ कोटी मुले होती. जर्मनीच्या धर्तीवर आठवड्यातून दोनदा म्हणजे २४ कोटी चाचण्या. दुसऱ्या लाटेच्या उताराला, मे २०२१ च्या अखेरीस, देशाने सर्व प्रकारच्या मिळून दिवसाला जेमतेम २२ लाख चाचण्यांचा उच्चांक गाठला होता. आठवड्याचे दीड कोटी. शाळांची गरज त्याच्या सोळा पट. मायलॅबच्या किरकोळ किमतीने हिशेब केला तर आठवड्याला ६,००० कोटी रुपये, आणि २०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शालेय शिक्षणासाठी होते सुमारे ५४,८७४ कोटी. नऊ आठवड्यांत तिजोरी रिकामी. घाऊक खरेदीत किंमत पाचपटीने उतरली असती असे धरले, तरी चाळीस आठवड्यांच्या शालेय वर्षाचा खर्च ४८,००० कोटींच्या घरात जातो. सरसकट चाचणी भारताला परवडणारी नव्हती.

मात्र सरसकट चाचणी आणि शून्य चाचणी यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा होती. अनेक नमुने एकत्र तपासण्याची कल्पना भारताला जर्मनीकडून शिकण्याची आवश्यकता नव्हती. आयसीएमआरने एप्रिल २०२० मध्येच, कमी संसर्गाच्या भागांत पाच नमुने एकत्र करून आरटी-पीसीआर करण्यास अनुमती दिली होती. ती सूचना शाळांपर्यंत पोहोचली नाही. शिक्षकांची नियमित चाचणी, एखादे मूल बाधित आढळल्यावर त्याच्या वर्गापुरत्या रॅपिड चाचण्या, संसर्ग चढणीवर असलेल्या तालुक्यांत निवडक शाळांची पाहणी, हे सारे आवाक्यातले होते.

पंजाबने त्याची चुणूक दाखवली. कॅप्टन अमरिंदरसिंग यांच्या सरकारने २ ऑगस्ट २०२१ पासून प्राथमिकसह सर्व वर्ग उघडले. आठवडाभरातच लुधियानाच्या शाळांत काही विद्यार्थी बाधित निघाले आणि अपेक्षेप्रमाणे शाळा बंद करण्याची ओरड झाली. सरकारने त्याऐवजी शाळांमधून रोज किमान दहा हजार नमुने घेण्याचा आदेश काढला. शाळा चालू राहिल्या. महाराष्ट्राचा अनुभव याच्या नेमका उलट होता. २३ नोव्हेंबर २०२० रोजी नववी ते बारावीचे वर्ग सुरू करताना शिक्षकांना आरटी-पीसीआर चाचणी अनिवार्य करण्यात आली. चाचणी केंद्रांपुढे शिक्षकांच्या रांगा लागल्या, बरेच शिक्षक बाधित निघाले आणि अनेक शहरांनी व जिल्ह्यांनी शाळा उघडण्याचा बेत पुढे ढकलला. बाधित शिक्षक सापडणे हे खरे तर चाचणीचे यश होते. त्यांना घरी बसवून उरलेल्यांनी वर्ग चालवावेत यासाठीच ती होती. पण ते यश अपयश म्हणून वाचले गेले. महाराष्ट्रातील पहिली ते चौथीच्या ग्रामीण आणि पहिली ते सातवीच्या शहरी वर्गांना त्यानंतर थेट १ डिसेंबर २०२१ ची वाट पाहावी लागली. मुंबई-पुण्याच्या मुलांना आणखी पंधरवडाभर. जानेवारीत पुन्हा कुलूप लागले.

वैज्ञानिकांनी काही सांगितलेच नव्हते, असे म्हणता येत नाही. आयसीएमआरचे तत्कालीन महासंचालक बलराम भार्गव यांनी २० जुलै २०२१ च्या पत्रकार परिषदेत, शाळा उघडायच्या तर प्राथमिकपासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल, असे म्हटले. विषाणू ज्या ग्राहकांना चिकटतो ते लहान मुलांत कमी असतात आणि काही स्कँडिनेव्हियन देशांनी कोणत्याही लाटेत प्राथमिक शाळा बंद केल्या नाहीत, हे त्यांचे आधार. त्याच वेळी जाहीर झालेल्या चौथ्या रक्तद्रव सर्वेक्षणात सहा ते नऊ वर्षे वयोगटातील ५७.२ टक्के मुलांत प्रतिपिंडे आढळली होती. म्हणजे शाळा बंद असूनही निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग होऊन गेला होता. शाळाबंदीच्या समर्थनार्थ यानंतर फारसे काही उरत नव्हते. तरी राज्यांनी महाविद्यालये आधी, मग बारावी, मग आठवी आणि सर्वांत शेवटी पहिली हाच क्रम पाळला. दिल्लीत प्राथमिकचे वर्ग १ नोव्हेंबर २०२१ ला उघडले. प्रदूषणाने ते पंधरा दिवसांत बंद पाडले आणि मग ओमायक्रॉनने. नर्सरी ते आठवीची मुले पुन्हा वर्गात आली ती १४ फेब्रुवारी २०२२ रोजी.

ऑगस्ट २०२१ च्या पहिल्या आठवड्यात शिक्षणविषयक संसदीय स्थायी समितीचा अहवाल सभागृहांत सादर झाला. विनय सहस्रबुद्धे हे तिचे अध्यक्ष होते. शाळाबंदीने मुलांच्या, विशेषतः गरीब घरांतील मुलांच्या, शिक्षणाचा पाया खिळखिळा केल्याचे समितीने निःसंदिग्ध शब्दांत नोंदवले. शिक्षक व पालकांचे लसीकरण, एक दिवसाआड किंवा दोन पाळ्यांत वर्ग, तापमान तपासणी, प्रत्येक शाळेत किमान दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि बाधितांना त्वरित ओळखण्यासाठी यादृच्छिक आरटी-पीसीआर चाचण्या, अशा तिच्या शिफारशी होत्या. चाचणीला शाळा उघडण्याच्या योजनेत स्थान देणारा संसदेतला हा दस्तऐवज आहे आणि त्याबद्दल समितीला श्रेय द्यायला हवे. शिफारशीतील उणीवही उघड आहे. आरटी-पीसीआरचा निकाल हाती यायला एक-दोन दिवस लागत. तेवढ्यात मूल वर्गात बसून घरी गेलेले असे. ‘त्वरित ओळखणे’ हा हेतू होता तर साधन रॅपिड चाचणीचे हवे होते. तापमान तपासणीविषयी तर आयसीएमआरच्याच संशोधकांनी पुढच्या महिन्यात परिषदेच्या नियतकालिकात लिहिले की शाळेत रोज ताप मोजण्याच्या उपयुक्ततेला फारसा पुरावा नाही, आणि शाळेतील चाचण्यांकडे पूरक उपाय म्हणून पाहावे.

यावर सभागृहात प्रश्नोत्तरे झाली असती तर हा तपशील सुधारला असता. पण स्थायी समित्यांच्या अहवालांवर सभागृहात सहसा चर्चा होत नाही, आणि ते अधिवेशन पेगॅसस प्रकरणाच्या गदारोळात वाहून चालले होते. लोकसभेचे कामकाज नियोजित वेळेच्या अवघे २२ टक्के झाले आणि ११ ऑगस्टला, दोन दिवस आधीच, सभागृह स्थगित झाले. आणखी एक विसंगती त्या काळात कुणाच्या फारशी डोळ्यांवर आली नाही. गोपनीयतेच्या नियमामुळे संसदीय समित्यांना दूरस्थ बैठकांची परवानगी पीठासीन अधिकाऱ्यांनी दिली नाही. प्रत्यक्ष समोरासमोर बसल्याशिवाय गंभीर विचारविनिमय होऊ शकत नाही, असा त्याचा मथितार्थ. सहा वर्षांच्या मुलाने मात्र वडिलांच्या मोबाइलवर, तो असेल तर, बाराखडी शिकावी अशी अपेक्षा होती.

न्यायालयाच्या दारातही काही निष्पन्न झाले नाही. शाळा उघडण्याचे निर्देश द्यावेत, अशी एका विद्यार्थ्याची याचिका २० सप्टेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्यापुढे आली. हा निर्णय सरकारांचा आहे, न्यायालय राज्यकारभार हाती घेऊ शकत नाही, असे सांगून खंडपीठाने ती ऐकण्यास नकार दिला. ही भूमिका संयमाची होती. परंतु राज्यघटनेत २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने अनुच्छेद २१-अ आलेला आहे. सहा ते चौदा वयोगटाचा शिक्षणाचा हक्क भारतात जर्मनीसारखा न्यायालयाने शोधून काढावा लागत नाही, तो लिहिलेला आहे. लिहिलेला हक्क किती काळ आणि कोणते पर्याय तपासल्यानंतर निलंबित ठेवता येतो, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहिला.

केंद्र आणि राज्य यांच्या जबाबदारीची वाटणीही इथे सोयीची ठरली. सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत, शिक्षण समवर्ती सूचीत आणि एका राज्यातून दुसऱ्यात पसरणाऱ्या रोगांना आळा हेही समवर्ती सूचीत. मार्च २०२० मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा वापरून केंद्राने टाळेबंदी केली. ३० सप्टेंबर २०२० च्या आदेशाने शाळांचा निर्णय राज्यांवर सोपवला. बंद करण्याचा अधिकार केंद्राने वापरला, उघडण्याची जोखीम राज्यांच्या गळ्यात आली. शाळा बंद ठेवल्याबद्दल कोणत्याही मुख्यमंत्र्याला निवडणुकीत किंमत मोजावी लागली नसती. उघडल्यावर एक मूल दगावले असते तर नक्की मोजावी लागली असती. बंगाल, तमिळनाडू, केरळमध्ये २०२१ च्या वसंतात प्रचारसभा झाल्या त्या याच कालखंडात. सभेला येणाऱ्याला मत असते. पहिलीच्या मुलाला ते मिळायला बारा वर्षे असतात.

२०१८ मध्ये तिसरीतील २७.३ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२२ च्या ‘असर’ पाहणीत हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर आले. २०२४ मध्ये ते २७.१ टक्के झाले, म्हणजे सहा वर्षांनी देश पुन्हा होता तिथे आला. ही भरपाई नव्या मुलांची आहे. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेली आणि दुसरी संपत आली तरी वर्गात नीट न बसलेली मुले २०२५-२६ मध्ये सहावीत होती. तिसरीच्या पाहणीत ती आता कधीच येणार नाहीत.

या सर्व काळात देशाचा साथीचा कायदा होता तो १८९७ चा, मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळी ब्रिटिशांनी घाईने केलेला. २०२० मध्ये संसदेने त्यात दुरुस्ती केली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांपुरती. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये या कायद्याचा आढावा घेणारा २८६ वा अहवाल केंद्राला सादर केला. जुना कायदा अपुरा आहे, केंद्र, राज्ये आणि स्थानिक संस्था यांचे अधिकार त्यात स्पष्ट नाहीत आणि नव्या सर्वंकष कायद्याचा किंवा मोठ्या दुरुस्त्यांचा विचार व्हावा, असे आयोगाने म्हटले आहे. असे विधेयक संसदेत येईल तेव्हा शाळा कोणत्या आकड्याला बंद होणार, कोणत्या आकड्याला उघडणार आणि त्या दोहोंच्या मध्ये मुलांची चाचणी कोण, कशाने, कोणाच्या खर्चाने करणार, याचे एक कलम त्यात आहे की नाही, हे पाहण्यासारखे असेल.